हल्ली म्हणजे गाव

आमच्या घरी येणाऱ्याला आधी तांब्याभर पाणी मिळायचं आणि मग दोन प्रश्न. 'मूळ कुठले?' आणि 'हल्ली कुठं?' नाव-आडनाव त्यानंतर. अण्णा, म्हणजे माझे वडील, तीर्थोपाध्ये होते. पंचवटीत घाटापासून चार पावलांवर आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं आणि त्यातली एक खोली माणसांची नव्हतीच, वह्यांची होती. लाल फडक्यात बांधलेल्या, हातभर लांबीच्या, जुन्या मोडीत लिहिलेल्या वह्या. कुणी अस्थी घेऊन आलं, कुणी श्राद्धाला आलं, की अण्णा गाव विचारून बरोब्बर ती वही काढायचे आणि समोरच्या माणसाला त्याच्या पणजोबाचं नाव वाचून दाखवायचे. मग त्याच्या नावाची नवी ओळ लिहायची. "मूळ सायखेडं बघा आमचं. पर आता मनमाडला हाय, रेल्वेत. लय वर्सं झाली," असं कुणी सांगितलं की अण्णा लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणायचे, "मूऽळ सायखेडें, हल्लीऽ मनमाड." 'हल्ली'वर त्यांचा आवाज जरा वर चढायचा. शेजारच्या गिरणीचा पट्टा, देवळातल्या घंटा, घाटावरचा कपडे आपटण्याचा आवाज, या सगळ्यातून तो चढलेला 'हल्ली' मला स्वयंपाकघरात ऐकू यायचा. तिथं आई कान देऊन असायची. ती मला हळूच विचारायची, "काय गं, यांची हल्ली कोणती?" हल्ली मनमाड असेल तर माणसं पॅसेंजर गाठायच्या घाईत, म्हणजे नुसता चहा. हल्ली देवळाली कॅम्प असेल तर बस मिळतच असते, म्हणजे पोहे टाकायचे. माझं सगळं लहानपण असं लोकांच्या हल्लीवर चहा की पोहे हे ठरण्यात गेलं.

मी दहा वर्षांची असताना एका थंडीत आमच्याकडे बाई आल्या. बाई जर्मन होत्या, तिकडच्या विद्यापीठात आशियाचा इतिहास शिकवायच्या, आणि कुठली घराणी कुठून कुठं सरकली याचा अभ्यास करायला त्यांना आमच्या वह्यांचे फोटो काढायचे होते. त्या आधी काही वर्षं कर्नाटकात राहिलेल्या होत्या, कानडी त्यांना छान यायचं. मराठी मात्र त्या जुन्या पोथ्यांमधून शिकल्या होत्या. पहिल्याच दिवशी चपला काढून, हात जोडून त्या आईला म्हणाल्या, "माते, मी सांप्रत तृषार्त आहे." आई घाबरून अण्णांकडे बघायला लागली. तिला वाटलं, बाईंना काहीतरी होतंय. बाईंच्या बोलण्यात 'सांप्रत' इतक्या वेळा यायचं की आठ दिवसांत सगळी गल्ली त्यांना सांप्रतबाई म्हणू लागली. महिनाभर त्या रोज यायच्या. सतरंजीवर बसून, तीन पायांच्या घोडीवर कॅमेरा लावून पानं टिपायच्या, आणि अण्णा वाचून दाखवतील ते वहीत उतरवून घ्यायच्या. दुपारी आमच्यात जेवायच्या. बाजरीची भाकरी, भरीत, आणि आईचं पिठलं. पिठल्यावर तर त्यांचा फार जीव. आई ताटं उचलून झाली की भिंतीला पाठ टेकून 'हुश्श' म्हणायची, ते त्यांनी नेमकं उचललं. बोलीतला तेवढा एकच शब्द त्या आमच्या घरातून शिकून गेल्या, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं.

पण नाही. दुसराही एक शब्द त्या शिकून गेल्या होत्या, आणि तो त्यांना मी शिकवला होता. एका दुपारी अण्णा घाटावर गेले होते. मी उंबऱ्यावर बसून तिखटमीठ लावलेला पेरू खात होते. बाईंनी वहीतून डोकं वर काढलं आणि मला विचारलं, "बाळे, हल्ली म्हणजे काय?" आता मी किती आगाऊ होते ते काय सांगू! मोठ्या माणसाला आपल्याला येतं ते येत नाही म्हटल्यावर मला शिंगंच फुटली. "हल्ली म्हणजे गाव!" मी म्हटलं. "एवढंही माहीत नाही?" बाईंचा चेहरा उजळला. "ग्राम?" "हो, ग्रामच." "निश्चित?" मला तो शब्द फार आवडला. "निश्चित," मी म्हटलं आणि पेरूचा आणखी एक लचका तोडला. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि मला बक्षीस म्हणून एक पेन्सिल दिली. एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. ती मी अण्णांना दाखवली तर त्यांनी ती ठेवून घेतली, तू हरवशील म्हणून.

बाई गेल्या, पण पत्रं येत राहिली. दर दिवाळीला एक, सांप्रतांनी भरलेलं. मी कॉलेजला इतिहास घेतला, पुण्याला खेपा घालून जर्मनच्या परीक्षा दिल्या, आणि एका वर्षी बाईंचं पत्र आलं की त्यांच्या विभागात एका विद्यार्थिनीची सोय होते आहे, एक वर्ष नक्की, पुढचं त्या वर्षीच्या कामावर. गल्लीत नुसता कल्ला झाला. आमच्या घरमालकीणबाई आईला म्हणाल्या, "शिकायला चाललीय काय? आशियाचा इतिहास, नि मराठीसुद्धा? अहो, मग तिकडे कशाला? इथली मराठी संपली की काय?" आईनं मेतकुटाचा डबा दुप्पट भरला.

खरं सांगायचं तर मी आशियातली आहे हे मला जर्मनीत कळलं. नाशिकात मी पंचवटीतली होते, फार तर महाराष्ट्रातली. तिकडे पहिल्याच तासाला माझ्या एका बाजूला कोरियाची मुलगी, दुसऱ्या बाजूला इराणचा मुलगा, आणि आम्ही तिघं मिळून आशिया. एकमेकांबद्दल आम्हाला काडीची माहिती नव्हती, आणि ती आम्हाला उंच, गोरे, सर्दी झालेले मास्तर जर्मनमध्ये सांगत होते. सुरुवातीला याचा मला राग यायचा. मग हळूहळू मजा वाटायला लागली. चीनचे जुने यात्रेकरू, समुद्रावरचे व्यापारी, संस्कृताचे आणि फारसीचे तास, सगळं मी आधाशासारखं शिकत होते. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात बटाटे उकडल्याचा वास, रेडिएटरचं टकटक, बाहेर सायकलींच्या घंटा. गार पाव मला गिळवायचा नाही. भातावर मेतकूट-तूप घालून मी खायचे, आणि ती कोरियाची मुलगी डोळे मिटून तेच मागायची. मला तिथं राहायचं होतं. हे स्पष्ट लिहून ठेवते, कारण पुढच्या सगळ्याचं मूळ तेच. एक वर्ष मला पुरणार नव्हतं.

पुढचं वर्ष मिळणं एका कागदावर होतं, आणि त्या कागदावर सही बाईंची. मार्चअखेर तो द्यायचा होता. त्याच सुमाराला बाईंचं पुस्तक छापायला जायचं होतं. दहा-बारा वर्षांचं काम. त्याचा कच्चा मजकूर त्यांनी मला मोठ्या विश्वासानं तपासायला दिला, नावांचं लेखन बरोबर आहे ना ते बघायला. त्यासाठी मी पहिल्यांदा त्यांच्या अभ्यासिकेत गेले. समोरच्या भिंतीवर महाराष्ट्राचा भला मोठा नकाशा, आणि त्यावर लाल टोपीच्या टाचण्या. बाई अभिमानानं म्हणाल्या, "पाहा. ही सर्व हल्ली-ग्रामे." मी जवळ जाऊन बघितलं. एका टाचणीखाली चिठ्ठी होती, हल्ली मनमाड. दुसरीखाली हल्ली देवळाली. हल्ली येवला. हल्ली कल्याण. बाई समजावून सांगत होत्या. कानडीत हळ्ळी म्हणजे गाव. नाशिकच्या वह्यांत इतकी हल्ली नावाची गावं आहेत, याचा अर्थ ही सगळी घराणी कधीकाळी कानडी मुलखातून वर आली आणि येताना गावाचा शब्द घेऊन आली. सगळं पुस्तक त्यावर उभं होतं. माझी पाचावर धारण बसली. मी 'हं हं' करत राहिले.

खोलीवर येऊन मी पान काढलं. अशा मोठ्या विद्वान बाईंनी इतकी साधी चूक करावी याचं मला, खोटं कशाला बोलू, जरासं बरंही वाटलं होतं. ते बरं वाटणं तळटीप वाचेपर्यंत टिकलं. तळटीप अशी होती: 'हल्ली म्हणजे गाव. हा अर्थ नाशिक येथे उपाध्यायांच्या कन्येने निःसंदिग्धपणे सांगितला.' निःसंदिग्धपणे! मला तो उंबरा दिसला, पेरू दिसला, लाल-निळी पेन्सिल दिसली. दहा वर्षांची ती दीडशहाणी मुलगी तिथं पाय हलवत बसली होती आणि 'निश्चित' म्हणत होती.

पुढचे पंधरा दिवस मी सांगावं की न सांगावं यातच काढले. सांगावं, तर बाईंचं अख्खं काम कोसळणार, आणि कोसळवणारी मी. वर त्याच बाईंकडे कुठल्या तोंडानं सही मागायची? न सांगावं, तर पुस्तक छापून येणार, पहिल्याच पानावर अण्णांचे आभार, आणि कधी ना कधी कुणीतरी मराठी माणूस ते उघडून हसत सुटणार. बाईंना हसणार आणि अण्णांनाही. ज्या माणसानं आयुष्यात एक नाव चुकीचं वाचलं नाही, त्याला. मी स्वतःशी वाद घालायचे. आपण होतो तेव्हा दहा वर्षांच्या. बाईंनी आणखी कुणाला विचारायला नको? शब्दकोश काय शोभेला ठेवलेत? पण हे म्हणतानाही मला ठाऊक होतं की बाईंनी विचारलं होतं, नीट विचारलं होतं, 'निश्चित?' असं पुन्हा विचारलं होतं. सहीचा कागद पिशवीत घेऊन मी तीनदा त्यांच्या दारापर्यंत गेले आणि तीनदा घंटी न वाजवता परत आले.

चौथ्या वेळी बाईंनीच बोलावलं. रविवारची दुपार होती. त्यांनी माझ्यासाठी पिठलं केलं होतं. बेसन कुठून मिळवलं देव जाणे, फोडणीत मोहरी होती, आणि गुठळ्या अशा की काट्यानं फोडाव्या लागत होत्या. "मातेसारखे जमले काय?" त्यांनी विचारलं. मी एक घास घेतला आणि रडायलाच लागले. बाई घाबरल्या. "इतके वाईट?"

"पिठलं चांगलंय हो, बाई," मी म्हटलं. "मीच वाईट आहे. हल्ली म्हणजे गाव नाही."

बाईंचा चमचा ताटलीवरच राहिला. "परंतु तू सांगितलेस."

"मी दहा वर्षांची होते. आमच्या घरात तसंच म्हणायचे. आई विचारायची, यांची हल्ली कोणती, म्हणजे राहतं गाव कोणतं. म्हणून मला वाटायचं, हल्ली म्हणजे गावच. तसं नाहीये."

"मग हल्ली म्हणजे काय?"

आता याला काय म्हणायचं? सगळ्या मराठीत मला एकच शब्द सापडला जो बाईंना नक्की कळला असता. "हल्ली म्हणजे," मी म्हटलं, "तुमचं ते सांप्रत."

बाई उठल्या आणि तडक आत गेल्या. संपलं, मी मनाशी म्हटलं. डोळ्यांसमोर विमानतळ आला, मग गल्ली आली, मग घरमालकीणबाई आल्या. आतून कप्पे उघडल्याचे आवाज येत होते. मी पिठल्यातली एक गुठळी उगाच फोडत बसले. मग बाई बाहेर आल्या त्या बुटांचं एक खोकं घेऊन. ते त्यांनी टेबलावर ठेवलं आणि झाकण काढलं. आत चिठ्ठ्या होत्या, आणि प्रत्येक चिठ्ठीवर एक मोठं प्रश्नचिन्ह.

"ही ती ग्रामे," त्या म्हणाल्या, "जी मला नकाशात सापडत नाहीत." त्यांनी एकेक वाचायला सुरुवात केली. "हल्ली आफ्रिका." थांबल्या. ओठांतल्या ओठांत पुटपुटल्या, "सांप्रत आफ्रिका." दुसरी काढली. "हल्ली सासुरवाडीस. सांप्रत सासुरवाडीस." मग तिसरी. "हल्ली फिरतीवर." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सुमती, मी तीन वर्षे फिरती नावाचे ग्राम शोधले. पत्रे लिहिली. एका तहसीलदारांस लिहिले!" आणि त्या हसायला लागल्या. चष्मा काढून, टेबलाला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मला आधी कळेना की हसावं की काय करावं, मग मीही सुटले. एक चिठ्ठी वाचायची आणि दोघींनी फुटायचं. 'हल्ली ठिकाण नाही' अशी एक निघाली तेव्हा तर बाईंना ठसका लागला.

हसू ओसरल्यावर त्या भिंतीला पाठ टेकून बसल्या आणि थेट माझ्या आईसारखं म्हणाल्या, "हुश्श." मग त्यांनी जे सांगितलं ते मी विसरले नाही. या खोक्यानं त्यांना वर्षानुवर्षं छळलं होतं. आडनावं जुळत नव्हती, गोत्रं जुळत नव्हती, काहीतरी चुकतंय हे त्यांना आतून ठाऊक होतं आणि काय ते सापडत नव्हतं. छापायचा दिवस जवळ येत होता तसं त्यांच्या घशाखाली अन्न उतरत नव्हतं. "तू सांगितले नसतेस," त्या म्हणाल्या, "तर मी जन्मभर भ्याले असते." माझा जीव असा भांड्यात पडला की भूकच लागली. मी उरलेलं सगळं पिठलं खाल्लं, गुठळ्यांसकट.

पुस्तक थांबलं. प्रकाशक चिडला, ते दोन दिवस मी बाईंच्या वाटेला गेले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी बोलावून विचारलं, "तो कागद कुठे आहे? आण. नाहीतर मी विसरेन." सही करून झाल्यावर लोकरीचा एक गुंडा माझ्या हातात दिला. टाचण्या काढल्या नाहीतच. त्यांनी फक्त प्रत्येक टाचणीपासून धागा ओढायचा ठरवलं, मुळापासून हल्लीपर्यंत. दोन वर्षं आम्ही दोघी सगळ्या वह्या नव्यानं वाचत होतो. कोण रेल्वेत लागून मनमाडला गेलं, कोण देवळालीच्या छावणीत कामाला गेलं, कोण आफ्रिकेत रूळ टाकायला गेलं, सगळं त्यात होतंच. कानडी मुलखाची गोष्ट गेली आणि चालत्याबोलत्या माणसांची आली. ती खरी होती, आणि माझ्या मते जास्त चांगलीही होती. नव्या पुस्तकात तळटीप तिथंच राहिली, फक्त बदलली: 'हल्ली म्हणजे सांप्रत. हा अर्थ त्याच कन्येने तेरा वर्षांनंतर, पिठले खाताना, सांगितला.' तेवढी ओळ मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवते. पुस्तकातलं दुसरं काही कुणी वाचत नाही.

अण्णांना मी सगळं लिहून कळवलं. चांगलं दहा पानी पत्र, नुसतं माफीनं भरलेलं. त्यांचं उत्तर निळ्या आंतरदेशीय कागदाच्या अर्ध्यातच संपलं होतं. 'चि. सुमीस आशीर्वाद. तू खोटं सांगितलं नव्हतंस. आपल्या घरात हल्ली म्हणजे गावच. बाईंनी मला विचारायला हवं होतं, हे खरं. पण मला विचारलं असतं तरी मीही बहुधा तेच सांगितलं असतं. आई म्हणते, पिठलं सारखं ढवळत राहायला बाईंना सांग.' परदेशी जाणारं पत्र आंतरदेशीयावर लिहून, वर तिकिटं डकवून ते कसं पोचलं, हे एक कोडंच आहे.

सही मिळाली त्याच उन्हाळ्यात मी घरी आले. बॅग अजून दारातच होती, मी तांब्यातलं पाणी पीत होते, आणि अण्णांनी लाल फडकं सोडून आमची स्वतःची वही काढली. आमच्याकडे मुलीचं नाव वहीत येतं ते तिच्या सासरच्या पानावर, कुणाची तरी बायको म्हणून. बापाच्या पानावर तिची अशी वेगळी ओळ नसते. अण्णांनी चष्मा लावला, पेनाचं टोपण काढलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "मूळ कुठले?"

"अण्णा, काय हे!"

"विचारतोय त्याचं उत्तर दे."

"नाशिक."

त्यांनी शाईनं लिहिलं. माझं नाव, मूळ नाशिक. मग पेन खाली ठेवलं, पत्र्याच्या डबीतून ती लाल-निळी पेन्सिल काढली, आता बोटभरच उरली होती, आणि विचारलं, "हल्ली?"

"जर्मनी," मी म्हटलं. माझा आवाज थोडा चढलाच. त्यांनी निळ्या टोकानं तेवढा एक शब्द लिहिला. "पेन्सिलीनं का?" मी विचारलं. "हल्ली आहे ती," अण्णा म्हणाले. "बदलते."

अण्णा नाहीत, आई नाही, बाईही गेल्या. आज मी पुन्हा नाशिकातच राहते आणि ते पान माझ्याजवळ आहे. निळा शब्द पुसट झालाय. खोडरबर घेऊन मी दोनदा बसले, आणि दोन्ही वेळा राहू दिला. त्या दिवशी तो लिहून झाल्यावर आतून आईचा आवाज आला होता, नेहमीसारखाच. "अहो, हिची हल्ली ठरली असेल तर सांगा. नुसता चहा ठेवू की पोहे टाकू?"

अण्णांनी माझ्या बॅगेकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पोहे टाक," ते म्हणाले. "गाडी गाठायची नाहीये तिला."